डोळे मिचकावणाऱ्या पालीचं घर

पालीला डोळा मारता येतो का?

उत्तरासाठी ट्यूबलाइटमागच्या पालीकडे बघू नका. तिला पापण्याच नाहीत. तिच्या डोळ्यावर एक पारदर्शक आवरण कायमचं बसलेलं असतं. त्यावर धूळ साचली की ती जीभ बाहेर काढते आणि डोळा चक्क चाटून घेते. घरातली ही पाल गेको नावाच्या मोठ्या खानदानातली. या खानदानात बहुतेकांचे डोळे असेच. पण त्यात एक छोटीशी शाखा अशी आहे, की तिच्यातल्या पालींना खऱ्याखुऱ्या, वरखाली होणाऱ्या पापण्या असतात. त्या डोळे मिटून झोपतात, उठल्यावर किलकिले करून बघतात, आणि कधी कधी एकच डोळा मिटून तुमच्याकडे पाहतात.

या शाखेतला सगळ्यांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे लेपर्ड गेको. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, म्हणून बिबट्याचं नाव त्याला मिळालं. गंमत अशी, की अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगावर एकही ठिपका नसतो. असतात ते गडद आणि पिवळे आडवे पट्टे. वाढता वाढता पट्टे फुटतात, विखुरतात आणि त्यांचे ठिपके होतात. शास्त्रीय नाव युब्लेफारिस मॅक्युलारियस. १८५४ साली एडवर्ड ब्लाइथ यांनी या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. ते कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते आणि हे प्राणी आले होते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगांतून. आज तो भाग पाकिस्तानात आहे.

लेपर्ड गेकोची आणखी एक खासियत. आपल्या पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या गाद्या असतात, त्यांच्या जोरावर ती छतावर उलटी पळते. लेपर्ड गेकोच्या बोटांना गाद्या नाहीत, फक्त नख्या आहेत. त्यामुळे तो भिंतीवर चढू शकत नाही, काचेवर तर अजिबातच नाही. तो जमिनीवरचा गडी. पोट जरा उचलून, सावकाश, एकेक पाऊल टाकत चालतो.

अमेरिका, इंग्लंड, जपान अशा देशांत हा प्राणी असंख्य घरांमध्ये पाळला जातो. गेली कित्येक दशकं तिथे त्याची पैदास माणसाच्या हाताखालीच होते. तर आज आपण त्याच्यासाठी एक घर बांधू या. सध्या कागदावरच. खरं बांधायचं की नाही हे घरच्यांशी बोलून ठरवावं लागेल, आणि त्याबद्दल शेवटी मला तुमच्याशी जरा गंभीरपणे बोलायचं आहे.

आधी त्याचं गाव बघू

कुणाचंही घर बांधायचं तर तो कुठून आला हे आधी विचारावं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य कोपरा, तिथले कोरडे, खडकाळ डोंगर आणि खुरटी झुडपं हे याचं गाव. उन्हाळ्यात दिवसा तिथला दगड हात लावू देत नाही. रात्री मात्र हवा भराभर गार होते. हिवाळा तर चांगलाच कडक. अशा ठिकाणी हा छोटासा जीव दिवसभर दगडाखाली, कपारीत, बिळात पडून राहतो आणि तिन्हीसांजेला बाहेर येतो. सूर्य मावळलेला असतो, पण दगडांत ऊब शिल्लक असते. त्या दगडावर पोट टेकायचं, अंग तापवायचं आणि शिकारीला निघायचं.

आता इथे एक क्षण थांबा. तो पोट टेकून अंग का तापवतो?

तुम्ही-आम्ही जे जेवतो, त्यातला मोठा हिस्सा अंगातली ऊब टिकवण्यात खर्च होतो. आपल्या शरीरात चोवीस तास शेगडी पेटलेली असते. बाहेर दहा अंश असोत की चाळीस, आत साधारण ३७. गेकोच्या अंगात अशी शेगडी नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते, दगडाकडून, मातीकडून, उन्हाकडून. ती मिळाली नाही तर तो नुसता सुस्त होत नाही, त्याचं पचनच थांबतं. खाल्लेला किडा पोटात तसाच राहतो. म्हणून ‘गेकोला खायला काय द्यायचं’ या प्रश्नाच्या आधी ‘गेकोला ऊब कशी द्यायची’ हा प्रश्न येतो. नवे पाळणारे नेमकं याच्या उलट करतात. किड्यांचा डबा आधी आणतात आणि थर्मामीटर राहूनच जातो.

मग पेटीत किती तापमान ठेवायचं? याचं एका आकड्यात उत्तर नाही, आणि आजच्या सगळ्या गोष्टीतला हाच सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे. पेटीचं एक टोक गरम हवं, तिथली जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. दुसरं टोक थंड हवं, २२ ते २५ अंश. मधे आपोआप मधलं तापमान राहील. जेवण पचवायचं असेल तेव्हा गेको गरम टोकाला जाईल, अंग तापलं की थंड टोकाला सरकेल. कधी कुठे जायचं हे त्याला कळतं. आपल्याला कळत नाही. आपलं काम एवढंच, की त्याला निवडायला जागा ठेवायची.

काचेची पेटी

निवडायला जागा हवी, म्हणजे पेटी लांब हवी. फार लहान पेटीत गरम टोकाची ऊब थंड टोकापर्यंत पोचते आणि सगळीकडे एकच तापमान होतं. एका मोठ्या गेकोला साधारण ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच पेटी चांगली. कमी लांबीच्या पेट्याही विकल्या जातात आणि त्यांत गेको जगतोही. पण १८ ते २५ सेंटिमीटर लांबीच्या प्राण्याला चार पावलं चालायला मिळावीत असं मला मनापासून वाटतं. वर जाळीचं झाकण हवंच, हवा खेळण्यासाठी.

एका पेटीत एकच गेको. ‘त्याला एकटं वाटेल ना!’ असं तुम्ही म्हणाल. नाही वाटणार. दोन नर एकत्र ठेवले तर ते रक्त निघेपर्यंत भांडतात. दोन माद्यांमध्येही बहुतेक वेळा एक दुसरीला उबदार जागेवरून आणि किड्यांपासून दूर ठेवते. आपल्याला वाटतं, दोघी किती प्रेमाने एकमेकींवर पहुडल्या आहेत. खरं तर तिथे एकाच उबेसाठी ढकलाढकली चाललेली असते.

आता शेगडी. पेटीच्या एका टोकाला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, हीट मॅट घालतात. किंवा त्या टोकाला वरून उष्णतेचा दिवा लावतात. मला दिवा जास्त पटतो, कारण रानातही ऊब आधी वरून, सूर्याकडून येते आणि मग दगडात साठते. दिव्याखाली चपटा दगड ठेवला, की संध्याकाळी दिवा बंद झाल्यावरही तो काही वेळ कोमट राहतो. यांपैकी काहीही लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. ठरलेलं तापमान आलं की वीज तोडणारं ते यंत्र नसेल, तर मॅट तापतच राहते आणि गेकोचं पोट भाजतं. थर्मामीटरसुद्धा काचेवर चिकटवायचा नको. वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल घ्या आणि ते टोक गेको बसतो त्या जमिनीवर ठेवा. काचेचं तापमान मोजून काय करणार? तो काचेवर बसत नाही.

रात्री दिवा पूर्ण बंद. ‘रात्रीसाठी’ म्हणून लाल बल्ब विकतात, तो घेऊ नका. त्याच्या उजेडाने दिवस-रात्रीचा फरक पुसट होतो. रात्री पेटी २० अंशांच्या आसपास गार झाली तरी चालतं, त्याच्या गावाला त्याहून गार रात्री असतात. दिवसा बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, टायमर लावला की काम झालं. पूर्वी म्हणायचे, हा संध्याकाळचा प्राणी, याला अतिनील किरणांची गरज नाही. आता बरेच जाणकार सौम्य यूव्हीबी नळी लावायला सांगतात. दिवसा कपारीतून नुसती शेपटी किंवा पाय उन्हात काढला तरी गेकोच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होऊ शकतं. नळी लावा, पण सावलीत जाऊन बसायची सोयही ठेवा.

तीन गुहा

गरम टोकाला एक गुहा. थंड टोकाला एक गुहा. एकच गुहा ठेवली तर बिचाऱ्याला रोज पेच पडतो, लपायचं की योग्य तापमानात राहायचं. गुहेसाठी बाजारातून काही आणायला हवं असं नाही. मातीची फुटकी कुंडी आडवी टाकली, कडा घासून बोथट केल्या, की झाली गुहा. दगड रचणार असाल तर मात्र ते घट्ट बसवा. गेको खाली उकरतो आणि डगमगता दगड त्याच्याच अंगावर पडतो.

आणि तिसरी गुहा ओली. बाकी पेटी कोरडी, हवेत ३० ते ४० टक्के आर्द्रता, पण या एका गुहेत ओलसर शेवाळ किंवा ओला कागद. हा ओलावा कशासाठी? कात टाकण्यासाठी.

कात टाकायची वेळ आली की गेकोचे रंग फिके होतात, अंगावर पांढुरकी झाक येते. मग तो ओल्या गुहेत जाऊन बसतो. काही तासांनी कातडी सुटते. तो नाकाने ती दगडावर घासतो, तोंडाने धरून ओढतो, पायावरून, बोटांवरून सोलून काढतो. आणि काढलेली कात खाऊन टाकतो! सगळी. तुम्ही शाळेतून येईपर्यंत गेको नवाकोरा चकचकीत झालेला असतो आणि पेटीत पुरावा म्हणून एक तुकडाही उरलेला नसतो. पिल्लं दर दोनेक आठवड्यांनी कात टाकतात, मोठे साधारण महिन्या-दोन महिन्यांनी.

ओलावा कमी पडला तर बोटांच्या टोकांवर कातीची कडी राहते. ती वाळते, आवळते, बोटाचं रक्त थांबतं आणि बोट झडतं. म्हणून कात टाकल्यावर सगळी बोटं नीट बघायची. पाळलेल्या गेकोच्या पायाला बोटं कमी दिसली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. एखादी कडी राहिलीच, तर उथळ कोमट पाण्यात त्याला दहा-पंधरा मिनिटं उभं करायचं आणि ओल्या कापसाने हलकेच सोडवायचं. कोरडी कात ओढायची नाही.

जमिनीवर काय घालायचं? ‘वाळवंटातला प्राणी, मग वाळू!’ असं चटकन सुचतं. पण त्याचं गाव आठवा. तिथे वाळूचे ढीग नाहीत, घट्ट माती आणि दगड आहेत. मोकळ्या वाळूत किड्यावर झडप घालताना वाळू तोंडात जाते आणि आतड्यात साठून बसू शकते. पिल्लांसाठी साधा टिपकागद उत्तम. मोठ्यांसाठी खरबरीत फरशी. ती उबदार होते, धुता येते आणि नखं झिजवते.

जेवणाचं ताट

लेपर्ड गेको भाजी खात नाही, फळ खात नाही, पोळीचा तुकडा तर नाहीच. त्याला किडे लागतात आणि तेही हलणारे. रातकिडे, भुंगेऱ्यांच्या अळ्या, खास वाढवलेली झुरळं. किडा दिसला की तो थबकतो, मान खाली घालतो, शेपटीचं टोक थरथरवतो आणि झडप! किडा केवढा असावा? गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.

पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा. यातली खरी युक्ती पुढे आहे. किडा जे खातो तेच शेवटी गेकोच्या पोटात जातं. म्हणून देण्याच्या आदल्या दिवशी किड्यांनाच गाजर, पालेभाजी, धान्याचा कोंडा असं पोटभर खायला घालतात. मग त्यांना कॅल्शियमच्या पुडीत घोळवतात. किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. नुसतेच किडे देत राहिलं तर गेकोचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा वाकतो. हा आजार पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत फार दिसतो आणि चमचाभर पुडीने टळतो, म्हणून मला त्याचं विशेष वाईट वाटतं. पेटीच्या कोपऱ्यात एका झाकणात थोडी शुद्ध कॅल्शियम पूड कायम ठेवावी. गरज वाटली की गेको स्वतः जाऊन चाटतो.

घरातली झुरळं, बागेतले टोळ पकडून द्यायचे नाहीत. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं. आणि काजवा तर कधीच नाही. काजव्यांच्या काही जातींच्या अंगात जहाल विष असतं. एवढासा काजवा खाऊन पाळलेले सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नका. भूक लागली की ते झोपलेल्या गेकोलाच कुरतडतात.

जिलबीचा दिनक्रम

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिच्याकडे एक लेपर्ड गेको मादी आहे, नाव जिलबी. इंग्लंडच्या कायद्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकत घेता येत नाही, त्यामुळे जिलबीची खरी जबाबदारी भाचीच्या आईबाबांवर आहे. रोजची कामं मात्र भाची करते.

सकाळी शाळेत जाण्याआधी ती दोन आकडे बघते, गरम टोक आणि थंड टोक. पाण्याची उथळ वाटी धुऊन भरते. मग एक कोपरा साफ करते. एकच कोपरा, कारण लेपर्ड गेको फार टापटिपीचा असतो, तो शी करायला एक कोपरा ठरवून घेतो आणि नेहमी तिथेच जातो. काळपट विष्ठा आणि शेजारी पांढरा खडा, तो पांढरा खडा म्हणजे त्याची लघवी. पाणी वाचवायला तो ती जवळजवळ घट्ट करूनच टाकतो. कोरड्या मुलखातला प्राणी आहे ना!

संध्याकाळी जिलबी गुहेच्या तोंडाशी येते तेव्हा जेवण. आठवड्यातून एकदा वजन, त्यासाठी वेगळा छोटा काटा आहे, स्वयंपाकघरातला नाही. वजन वहीत लिहायचं. गेको आजारी असला तरी कण्हत नाही, रडत नाही. रानात अशक्त दिसणारा प्राणी आधी मारला जातो, म्हणून तो आजार लपवतो. वहीतला आकडा मात्र लपत नाही. वजन सतत उतरत असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

हाताळण्याबद्दल भाचीचे नियम कडक आहेत आणि ते मला फार आवडतात. नवा गेको आला की पहिले एक-दोन आठवडे त्याला हातच लावायचा नाही. नंतरही वरून हात न्यायचा नाही, कारण वरून येते ती घार किंवा घुबड. तळहात जमिनीवर पसरून ठेवायचा आणि वाट बघायची. आला तर आला. शेपटी कधीच धरायची नाही. आणि हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, न चुकता. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, त्यांनी माणसाला जुलाब आणि ताप येतो. घरात पाच वर्षांहून लहान भावंडं असतील तर असे प्राणी ठेवूच नयेत, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते.

शेपटीची गोष्ट

शेपटी का धरायची नाही? कारण ती तुमच्या हातात राहील.

लेपर्ड गेकोची जाडजूड शेपटी ही त्याची कणगी आहे. चांगल्या दिवसांत तो तिच्यात चरबी साठवतो आणि हिवाळ्यात, दुष्काळात त्यावर निभावतो. शेपटीकडे बघून त्याची तब्येत सांगता येते. तरीही जिवावर बेतलं तर ही भरलेली कणगी तो एका झटक्यात सोडून देतो. शेपटीच्या हाडांमध्ये तुटण्याच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात. तिथले स्नायू आवळले की शेपटी सुटते आणि रक्तही फारसं येत नाही.

सुटलेली शेपटी गप्प बसत नाही. टिमोथी हायम आणि अँथनी रसेल या दोन शास्त्रज्ञांनी २००९ साली नेमक्या याच गेकोच्या तुटलेल्या शेपट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेपटी नुसती वळवळत नव्हती. ती मधेच उसळून कोलांटी घेत होती, तीन सेंटिमीटरपर्यंत उंच उडत होती आणि पुन्हा वेगळ्याच तऱ्हेने हलत होती. अर्ध्या तासापर्यंत हा खेळ चालू शकतो. डोकं नाही, मेंदू नाही, मग हुकूम कोण देतं? शेपटीत मज्जारज्जूचा तुकडा असतो आणि हालचालींचा कारभार तो स्वतःच बघतो. शिकारी त्या नाचणाऱ्या शेपटीवर तुटून पडतो आणि गेको निसटतो. नंतर नवी शेपटी येते, पण ती आखूड, फुगीर असते आणि तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते. पाळलेल्या गेकोवर ही वेळ आपल्या घाईमुळे येऊ नये.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लेपर्ड गेकोच्या डोक्याच्या एका बाजूला प्रकाश आला, तर एका कानातून बघितल्यावर पलीकडचा उजेड दिसतो. दोन्ही कानांच्या मधली जागा मोकळी आहे. आणि त्याचे शंभरेक दात आयुष्यभर पुन्हा पुन्हा येत राहतात. आपल्याला दुसरे दात पडले की कवळी. त्याचा दात दर तीन-चार महिन्यांनी नवा. पेशी हे कसं जमवतात ते कळावं म्हणून शास्त्रज्ञ त्याचा जबडा अभ्यासतात.

मुलगा की मुलगी, हे कोण ठरवतं?

ऊब! पुन्हा तीच ऊब. मादी एका वेळी बहुतेक दोन अंडी घालते, मऊ, चिवट कवचाची. ही अंडी २६ अंशांच्या आसपास उबवली तर जवळजवळ सगळ्या माद्या जन्मतात. साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर. आणखी गरम, ३४ अंशांच्या पुढे, तर पुन्हा बहुतेक माद्या. आपल्यात हे आईबाबांकडून मिळालेल्या गुणसूत्रांवर ठरतं. इथे ठरतं मातीच्या तापमानावर. जगाचं तापमान वाढतं आहे, तेव्हा अशा प्राण्यांचं पुढे काय होईल, हा प्रश्न शास्त्रज्ञांना सतावतो आहे.

पिवळा, केशरी, पांढरा

दुकानात लेपर्ड गेको नाना रंगांत मिळतो. पैदास करणारे निवडून निवडून नवे रंग आणतात. त्यातला एक फार सुंदर, लिंबासारख्या फिक्या पिवळ्या रंगाचा, ‘लेमन फ्रॉस्ट’. मिस्टर फ्रॉस्टी नावाच्या एका नरापासून ही ओळ पुढे वाढवली गेली. काही काळाने लोकांच्या लक्षात आलं, की या गेकोंच्या अंगावर पांढऱ्या गाठी येत आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले लाँगहुआ गुओ, लिओनिड क्रुग्ल्याक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली कारण शोधलं. ज्या जनुकामुळे हा रंग येतो, त्याच जनुकामुळे कातडीत गाठी वाढतात. या रंगाच्या ८० टक्क्यांहून जास्त गेकोंना त्या होतात. त्या जनुकाचा माणसाच्या कर्करोगाशीही संबंध असल्यामुळे संशोधनाला त्याचा उपयोग झाला. पण कातडी छान दिसावी म्हणून आजारी होणारं पिल्लू जन्माला घालणं मला मुळीच मान्य नाही. ‘एनिग्मा’ नावाच्या रंगातल्या बऱ्याच गेकोंना तोल सांभाळता येत नाही, ते गोल गोल फिरत राहतात. कुणी ‘दुर्मीळ रंग’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर आधी विचारा, तो रंग आजार घेऊन येतो का?

आपल्या माळावरचे भाऊबंद

आता महाराष्ट्रात या. आपल्या खडकाळ माळरानांवर आणि डोंगरउतारांवर लेपर्ड गेकोचा सख्खा भाऊबंद राहतो, युब्लेफारिस फस्कस. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान हा त्याचा मुलूख. अंगाने आणखी दांडगा. सातपुड्यात तर एक वेगळीच जात निघाली. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तिला युब्लेफारिस सातपुराएन्सिस असं नाव दिलं.

या प्राण्यांबद्दल मनात शंकेची पाल चुकचुकण्याचं काहीच कारण नाही. तरी बऱ्याच गावांत त्यांना विषारी समजतात आणि दिसताच मारतात. भारतात एकही पाल किंवा सरडा विषदंश करून माणसाला मारत नाही. हा गेको चावला तर चिमटा बसतो, एवढंच. उलट तो रात्रभर किडे आणि विंचूसुद्धा खातो.

दुसरा धोका पिशवीचा. कुणीतरी तो उचलून पिशवीत घालतं आणि विकतं. रानातला प्राणी पकडून घरी आणायचा नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि वन्यप्राणी पकडल्याबद्दल तुरुंगवासही होऊ शकतो. पावसाळ्यात फिरायला गेलात आणि दगडाजवळ असा पट्ट्यापट्ट्यांचा गेको दिसला, तर लांबून फोटो घ्या आणि दगड होता तसा राहू द्या. फोटो इंटरनेटवर टाकलात तर नेमकी जागा लिहू नका, कारण प्राणी चोरणारेही ते वाचतात.

आता ते गंभीर बोलणं

नीट पाळलेला लेपर्ड गेको १५ ते २० वर्षं जगतो. तुम्ही आज दहा वर्षांचे असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही तिशीला टेकलेले असाल. दहावी, बारावी, कॉलेज, नोकरी, कदाचित दुसरं गाव, या सगळ्यांत तो तुमच्याबरोबर असेल आणि त्याला दर दोन-तीन दिवसांनी किडे लागतील.

म्हणून कागदावरचं हे घर घेऊन आईबाबांसमोर बसा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मे महिन्यात आपण गावी जातो तेव्हा त्याला कोण बघेल? वीज दोन दिवस गेली तर हिवाळ्यात त्याला ऊब कुठून मिळेल आणि उन्हाळ्यात खोली चाळीस अंशांवर गेली तर गारवा कुठून मिळेल? आपल्या शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर आहेत का? आणि हा प्राणी भारतातही रानात राहतो, तेव्हा इथे तो पाळायला कायदा परवानगी देतो का, हे वनविभागाच्या कार्यालयात विचारलं का? विकणारा ‘चालतं हो’ म्हणाला, हे उत्तर धरायचं नाही.

एकाही प्रश्नाचं उत्तर कच्चं असेल तर गेको आणू नका. वही मात्र आजच सुरू करा, रानातल्या आणि घरातल्या पालींच्या नोंदींसाठी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.